खिळा आणि शिळा

दिवाळीला चार दिवस उरले की आमच्या घरातला भोके पाडलेला तो जुना कागद कपाटावरून खाली येतो. नात तो अंगणातल्या फरशीवर पसरते, त्यावर रांगोळीची चिमूट फिरवते आणि अलगद कागद उचलते. खाली एकवीस ओळी आणि एकवीस रांगा ठिपक्यांचे शेत उगवलेले असते. त्यांतला कोणता ठिपका कोणाला जोडायचा, कोणता मोकळा सोडायचा, हा सर्वस्वी तिचा अधिकार. यंदा तिने काम करता करताच विचारले, "आजोबा, संगणकाच्या पडद्यावरसुद्धा असेच ठिपके असतात ना?" मी हो म्हटले खरे, पण माझे मन तिथून चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे गेले. मला एका अशा कार्डाची आठवण झाली, की ज्याच्या पडद्यावर अडीच लाखांवर ठिपके होते आणि त्यांपैकी एकाही ठिपक्यावर ते कार्ड विकत घेणाऱ्याचा अधिकार चालत नव्हता.

ग्राफिक्स कार्ड हा काही दिवाळी अंकातल्या टीकालेखाचा विषय नव्हे, असे कुणी म्हणेल. टीका कवितेवर करावी, नाटकावर करावी, फार झाले तर चित्रांच्या प्रदर्शनावर करावी. संगणकाच्या पोटात खोचायचा हातभर लांबीचा हिरवा पत्रा, त्यावरच्या तांब्याच्या रेघा आणि काळे चौकोनी तुकडे यांत टीकाकाराने काय पाहायचे? मला मात्र उलट वाटते. संगणकाच्या स्मृतीत नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचे पडद्यावरच्या ठिपक्यांत रूपांतर करणारा तो हा पत्रा. म्हणजे माणसाला काय दिसावे आणि काय दिसू नये, हे ठरविणारी ही वस्तू आहे. जिथे दिसण्याचा निवाडा होतो, तिथे टीकेला जागा असलीच पाहिजे.

या कार्डांचा इतिहास सांगणारे लोक तो बहुधा रंगांच्या हिशेबाने सांगतात. आधी एक रंग, मग चार, मग सोळा, मग दोनशे छप्पन्न, मग लाखो. हा इतिहास ऐकायला सोपा आहे आणि खोटाही नाही. पण कोणत्या कवीने किती वृत्ते वापरली एवढे मोजून कवींची प्रतवारी लावावी, तसलाच तो प्रकार आहे. मला या कार्डांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो: तुम्ही अक्षराला काय समजता? खिळा समजता की चित्र?

हा प्रश्न मला सुचतो याला कारण माझे बालपण आहे. आमच्या आत्याच्या यजमानांचा छापखाना होता. सुटीत मी तिथे जाऊन जुळाऱ्यांच्या मागे उभा राहत असे. इंग्रजी मजकूर जुळविणारा माणूस चटचट हात चालवी. त्याच्यापुढे सव्वीस अक्षरे, ती मोठी आणि लहान, आणि वर थोडी चिन्हे. मराठी जुळारी मात्र शेकडो खणांपुढे उभा असे. अर्धी अक्षरे वेगळी, जोडाक्षरे वेगळी, वेलांट्या वेगळ्या. छापताना रफार मोडे, मात्रा झिजे, आणि "कर्म"चा "कम" होऊन बसे. आतोबा वैतागले म्हणजे म्हणत की शिळाप्रेसच बरा होता. शिळाप्रेसवर लेखक ओळीच्या ओळी हाताने लिहितो आणि तो लिहिलेला कागद जसाच्या तसा दगडावर उतरतो. दगडाला अक्षर आणि वेलबुट्टी यांत फरक कळत नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळेवरच, खिळ्यांनी नव्हे. त्या पंचांगातले अक्षर हे एका अर्थी चित्रच होते.

तर एकीकडे खिळा आणि दुसरीकडे शिळा. एवढे ध्यानात ठेवून आता आपण अमेरिकेत जाऊ.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. या संगणकाबरोबर पडद्यासाठी एक कार्ड नव्हते, दोन होती, आणि ग्राहकाने त्यांतून निवड करायची होती. पहिले कार्ड एकरंगी, त्याला आपण एमडीए म्हणू. दुसरे रंगीत, ते सीजीए. पहिले कारकुनासाठी होते, दुसरे ज्याला चित्रे किंवा रंग हवेत त्याच्यासाठी. गंमत अशी की दोन्ही कार्डांच्या मध्यभागी पडद्याची रेघ-न्-रेघ हाकणारा मोटोरोलाचा ६८४५ हाच तुकडा बसविलेला होता. म्हणजे सारथी एकच, पण रथ दोन केले होते. अक्षराचे घर वेगळे आणि चित्राचे वेगळे.

एमडीए हे निखालस खिळ्यांचे कार्ड. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी. प्रत्येक अक्षराला ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच अशी पेटी. गुणाकार केला तर ७२० गुणिले ३५०, म्हणजे २,५२,००० ठिपके होतात. पण स्मृती फक्त ४ किलोबाइट! एवढ्या ठिपक्यांचा हिशेब एवढ्याशा जागेत राहणार कसा? तो राहतच नव्हता. कार्डाच्या स्मृतीत प्रत्येक पेटीसाठी दोनच बाइट असत: कोणता खिळा, आणि तो ठळक, लुकलुकता की अधोरेखित. २,००० पेट्यांचे ४,००० बाइट झाले. खिळ्याचा आकार मात्र कार्डावरच्या एका वेगळ्या तुकड्यात कायमचा कोरून ठेवलेला होता. असे २५६ खिळे. त्यांत इंग्रजी अक्षरे, युरोपातल्या काही भाषांची टोपीवाली अक्षरे, काही ग्रीक अक्षरे, जमाखर्चाच्या चौकटी काढण्याच्या रेघा, पत्त्यांतले इस्पिक-बदाम आणि चक्क दोन हसरे चेहरे होते. दोनशे सत्तावन्नावा खिळा पाडण्याची सोय नव्हती.

या कार्डावर टीका करण्याआधी त्याचे ऋण मानले पाहिजे. त्याची इंग्रजी अक्षरे फार रेखीव होती. हिरव्या पडद्यावर ती शांतपणे उभी राहत, डोळ्यांना शीण होत नसे. आणि दोन बाइट बदलले की अक्षर बदलले, त्यामुळे पडदा झरझर हाले. स्मृती महाग असण्याच्या त्या काळात ही काटकसर शहाणपणाची होती. ज्याला सव्वीस अक्षरांत आपला सारा संसार मांडता येतो, त्याला या कार्डात काही उणे भासले नसेल.

पण आता एक बारीक गोष्ट पाहा. पेटी ९ ठिपके रुंद, आणि खिळा मात्र ८ ठिपक्यांचाच कोरलेला. नववा उभा स्तंभ रिकामा राही, म्हणजे दोन अक्षरांत आपोआप फट पडे. इंग्रजीला ही फट हवीच असते. पण मग जमाखर्चाच्या चौकटीच्या आडव्या रेघा प्रत्येक पेटीपाशी तुटल्या असत्या. म्हणून आय.बी.एम.च्या अभियंत्यांनी एक सवलत ठेवली: १९२ पासून २२३ पर्यंतच्या ३२ खिळ्यांना आठवा ठिपका नवव्या जागी पुन्हा मिळेल. अर्थात चौकटीची रेघ अखंड राहिली. हे वाचले तेव्हा मला आपली शिरोरेखा आठवली. जिच्यामुळे मराठी शब्द हा शब्द दिसतो, ती रेघ या यंत्रात बाकीच्या सर्व जागी दर नवव्या ठिपक्याला तुटली असती. आणखी एक विनोद म्हणजे या कार्डात शब्दाच्या खालून रेघ ओढण्याची सोय होती, आणि ती रेघ अखंड जात असे. खालची रेघ होती, वरची नव्हती. यात कुणाचा दुष्टपणा नाही. ज्याने हे घर बांधले त्याच्या डोळ्यांपुढे आपल्यासारखा पाहुणा कधी आलाच नव्हता, इतकेच.

सीजीएकडे वळले की सूर बदलतो. हे शिळेचे कार्ड. १६ किलोबाइट स्मृती, आणि चित्राच्या वेळी प्रत्येक ठिपका आपल्या हाती. मात्र ठिपके किती? आडवे ३२० आणि उभे २००, एकूण ६४,०००. त्यांत एका वेळी चार रंग. किंवा आडवे ६४० घ्या, पण मग काळ्यावर एकच रंग. या कार्डाचे ते आकाशी आणि गुलाबी-जांभळे रंग ज्यांनी पाहिले आहेत ते आजही त्यांच्या नावाने नाक मुरडतात. कोणत्या रंगाऱ्याने ही जोडी निवडली, असे मला फार दिवस वाटे. मग कळले की ती कुणी निवडलेलीच नाही. प्रत्येक ठिपक्याला दोनच बिटा होत्या. एक तांबड्याची, दुसरी हिरव्याची. निळा रंग ठिपक्यागणिक नव्हता. तो एकतर सबंध चित्रात चालू, नाहीतर सबंध चित्रात बंद. बंद असेल तर हिरवा, तांबडा आणि पिवळट तपकिरी मिळत. चालू केला की त्या तिघांत निळा मिसळून आकाशी, जांभळट गुलाबी आणि पांढरा होत. चौथा रंग पार्श्वभूमीचा, तो तेवढा सोळांतून आपल्या मर्जीने घ्यायचा. म्हणजे ती बदनाम रंगसंगती ही अभिरुचीची चूक नसून तारांच्या काटकसरीचा हिशेब होता. अभिरुचीच्या पुष्कळ गोष्टींचा उगम असाच असतो, पण तो विषय वेगळा.

या कार्डाच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. तांबडा आणि हिरवा सारख्याच अर्ध्या जोराने पेटविले तर गढूळ, शेवाळलेला पिवळा रंग मिळतो. आय.बी.एम.ने १९८३ साली जो रंगीत पडदा आणला, त्यात नेमक्या या एका रंगासाठी खास जोडणी केली होती: हा संकेत आला की हिरवा निम्मा करायचा. मग त्या गढूळ पिवळ्याचा तपकिरी होई. सोळा रंगांतल्या एका रंगासाठी कुणीतरी बसून हा उपद्व्याप केला. माती, लाकूड, गूळ, माणसाची त्वचा यांतले काहीही तपकिरीवाचून निघत नाही, हे त्या अनामिक माणसाला उमगले होते. सबंध सीजीएमध्ये मला मनापासून आवडणारी ही एकच जागा.

बाकी अक्षराच्या बाबतीत हे कार्ड दरिद्री. त्याची पेटी ८ बाय ८. अक्षरांचे पाय खालच्या ओळीच्या डोक्याला लागत. शिवाय ८० अक्षरांच्या ओळी लावल्या आणि संगणक लिहीत असतानाच कार्ड वाचू लागले, की दोघांचा खटका उडून पडद्यावर हिमकणांसारखे पांढरे ठिपके भुरभुरत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गणिताची चौकटीची वही आहे त्यांनी मुलांना एक खेळ द्यावा. आठ घरे लांब, आठ घरे उंच असा चौकोन आखून त्यात "ष्टी" लिहायला सांगावे. वरची एक ओळ वेलांटीला, एक शिरोरेखेला. उरलेल्या सहा ओळींत अर्धा ष आणि त्याला जोडलेला ट. जमले असे वाटले तर "ष्ट्रू" लिहून पाहावे. मी हा खेळ वहीत खेळलो नाही, नोकरीत खेळलो. हातमागाशी संबंध असलेल्या एका कचेरीत मराठी मसुदे करणे हे माझे काम होते. तिथे मोठ्या हौसेने रंगीत पडद्याचा संगणक आला, आणि त्यावर मराठी अक्षरे चित्रासारखी रेखाटणारा एक कार्यक्रमही आला. अक्षराखालच्या उकाराच्या वाट्याला दोन-अडीच ठिपके. ऱ्हस्व की दीर्घ हे डोळ्यांनी ओळखायचे नाही, श्रद्धेने मानायचे. "सूत-वाटप" या मथळ्याचे परिपत्रक मी पडद्यावर दोनदा तपासले, बरोबर आहे म्हणून सही केली, आणि ते गावोगाव "सुत-वाटप" होऊन गेले. सुत म्हणजे मुलगा. एका सोसायटीच्या चिटणिसांनी उलट टपाली विचारले की आमच्या वाट्याला किती मुलगे येणार, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत उचलावेत. साहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवले, बोलले काहीच नाहीत. न बोललेले अधिक लागते. तेव्हा कार्डांचा हा इतिहास मी काठावर बसून सांगत नाही, एवढे वाचकांनी समजून घ्यावे.

आता मूळ कथेकडे. खिळ्यांचे कार्ड रेखीव पण मुके, शिळेचे कार्ड बोलके पण ठेंगणे. ही फाळणी मोडली कुणी? आय.बी.एम.ने नाही. मोडली ती व्हॅन सुवन्नुकुल या माणसाने, आणि का मोडली ते ऐकण्यासारखे आहे. त्यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध या नव्या संगणकावर थाई लिपीत लिहायचा होता. थाई लिपी आपल्या लिपीची दूरची बहीण. दोघींचे मूळ ब्राह्मीत. तिच्यात अक्षराच्या वर स्वरचिन्ह येते, त्याच्याही वर स्वराघाताची खूण चढते, खालीही चिन्ह लागते. एमडीएकडे असले खिळे नव्हते आणि नवे पाडता येत नव्हते. सीजीएवर ठिपके आपले, पण दोनशे ओळींत इतकी मजली इमारत उभी राहत नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःच कार्ड रचले. १९८२ साली ते हर्क्युलिस या नावाने बाजारात आले. किंमत ४९९ डॉलर.

हर्क्युलिसने केले ते सांगायला साधे आहे. एमडीएचा तोच रेखीव अक्षरपट त्याने तसाच ठेवला. तोच हिरवा पडदा त्याला चाले. पण स्मृती ४ नव्हे, ६४ किलोबाइट. आणि हुकूम दिला की तोच पडदा शिळा होई: ७२० गुणिले ३४८, म्हणजे २,५०,५६० ठिपके, आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे आपल्या ताब्यात. एका पडद्याचा हिशेब ३१,३२० बाइट; म्हणजे अशी दोन चित्रे एका वेळी मावत. रंग एकच. काळ्यावर हिरवा, बस्स.

रंगांच्या हिशेबाने इतिहास लिहिणाऱ्यांना हे कार्ड मध्येच लागलेला आडरस्ता वाटतो, कारण चारावरून ते पुन्हा एकावर गेले. मला विचाराल तर पहिल्या दशकातले सर्वांत थोर कार्ड हेच. अडीच लाख ठिपके एमडीएच्या पडद्यावरही जवळजवळ तेवढेच होते. हर्क्युलिसने ते निर्माण केले नाहीत. त्याने त्यांच्यावरचा हक्क मिळवून दिला. अक्षर आणि चित्र ही दोन घरे नव्हेत, हे त्याने आपल्या रचनेनेच सांगितले. आणि हे सांगण्याची निकड ज्याच्या भाषेचे अक्षर पेटीत मावत नव्हते त्यालाच भासली. सव्वीस अक्षरांत सुखी असलेल्या माणसाला ती भासली नसती.

पुढे हे कार्ड खपले ते थाई लिपीमुळे अर्थातच नव्हे. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा आकडेमोडीचा कार्यक्रम आला. व्यापाऱ्यांना आकडे रेखीव हवे होते आणि त्याच आकड्यांचा आलेखही पाहायचा होता. आय.बी.एम.च्या वाटेने जायचे तर दोन कार्डे आणि दोन पडदे शेजारी शेजारी मांडावे लागत. लोटसने हर्क्युलिसला साथ दिली आणि एकाच पडद्यावर दोन्ही दिसू लागले. मग नकलांचा पूर आला. १९८६ साली त्याच कंपनीने सुधारून काढलेल्या कार्डात तर ३,०७२ खिळे स्वतः पाडून भरता येत. ही कल्पना बाजाराने फारशी उचलली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आमच्या कचेरीत सुत-वाटपानंतर आला तो असाच एक हर्क्युलिसच्या नकलेचा हिरवा संगणक. त्यावर ऱ्हस्व उकार डावीकडे वळलेला आणि दीर्घ उजवीकडे वळलेला स्पष्ट दिसला तेव्हा मी टेबलाशी एकटाच हसलो. खोट नव्हती असे नाही. अक्षराला चित्र मानले की दर वेळी चित्र काढावे लागते. पान वर सरकवायचे तर एकतीस हजार बाइट हलवायचे, आणि तो बिचारा संगणक ते इतक्या संथपणे हलवी की तेवढ्यात चहाचा घोट घेऊन होई.

यानंतरचे दोन टप्पे थोडक्यात सांगतो. १९८४ साली आय.बी.एम.ने ईजीए आणले: ६४० गुणिले ३५०, चौसष्टांतून निवडलेले सोळा रंग. १९८७ च्या एप्रिलमध्ये व्हीजीए आले: ६४० गुणिले ४८० ला सोळा रंग, किंवा ३२० गुणिले २०० ला २,६२,१४४ छटांतून निवडलेले २५६ रंग. दोन्ही कार्डांत अक्षरांचे खिळे बदलता येऊ लागले, पण एका वेळी जास्तीत जास्त ५१२. पेटी होती ती राहिलीच. अक्षर आणि चित्र एका घरात राहायला आली, तरी त्यांच्या चुली वेगळ्याच होत्या.

इथे एका कलाकृतीचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९९० साली लुकासफिल्म गेम्सने "लूम" नावाचा खेळ काढला. लूम म्हणजे माग; कथाही विणकरांच्या एका पंथाची. हातमागाच्या कचेरीत चाकरी केलेल्या माणसाला तो आवडावा यात नवल नाही, पण माझे कारण निराळे आहे. त्यातली पार्श्वभूमीची चित्रे मार्क फेरारी यांनी ईजीएच्या सोळा ठरीव रंगांत काढली. सोळा रंगांत मावळतीचे आकाश कसे काढणार? त्यांनी दोन रंगांचे ठिपके एकाआड एक पेरले. निळ्यात आकाशी, आकाशीत पांढरा, कुठे दाट, कुठे विरळ. आणि डोळ्याने दुरून त्यांचा तिसराच रंग केला. आपल्या आया-बहिणी रांगोळी भरताना दोन रंग चिमटीत मिसळून सोडतात, तसेच काहीसे. पुढे १९९२ साली हाच खेळ २५६ रंगांत पुन्हा निघाला. त्यात आकाश गुळगुळीत झाले आणि मला ते परके वाटले. पहिल्या लूममधली रात्र विणलेली होती. दुसऱ्यातली नुसती रंगविलेली आहे. रंग वाढले म्हणजे चित्र वाढते, हे मत ज्यांना मान्य असेल त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत आणि मग माझ्याशी भांडावे.

आणि मराठीचे काय झाले? ती कथा आपल्या पुण्यात येऊन पोचते. कानपूरच्या आय.आय.टी.त १९८० नंतरच्या काही वर्षांत देवनागरी संगणकाचे काम चालले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि मोहन तांबे यांच्याबरोबर ते काम इकडे आले. त्यातून जिस्ट नावाचे कार्ड निघाले. या नावाच्या लांबलचक इंग्रजी फोडीत पहिलाच शब्द "ग्राफिक्स" आहे, हे मला सूचक वाटते. हे कार्ड संगणकात खोचले की नुसत्या इंग्रजी अक्षरांवर चालणारे कार्यक्रम, ज्यांना देवनागरीचा गंधही नव्हता ते, मराठी दाखवू लागत.

याचे मर्म असे, की त्याने खिळाही नाकारला आणि शिळाही नाकारली. खिळ्यांच्या कार्डात एक आकडा म्हणजे एक आकार, हे समीकरण अढळ होते. जिस्टच्या मागे जी आकड्यांची पद्धत होती, जी १९९१ साली इस्की या नावाने राष्ट्रीय मानक झाली, तिच्यात स्मृतीत आकार साठवायचा नाही, उच्चार साठवायचा. "क्ष" लिहायचा तर क, हलन्त आणि ष असे तीन आकडे. त्या तिघांचा मिळून एक आकार करणे हे कार्डाचे काम. म्हणजे माझ्या आतोबांच्या छापखान्यातला तो शेकडो खणांपुढे उभा असलेला जुळारीच उचलून कार्डाच्या आत नेऊन बसविला! आय.बी.एम.च्या कार्डाने अक्षराला वस्तू मानले होते, हर्क्युलिसने चित्र मानले. जिस्टने त्याला आवाज मानले आणि चित्र हे त्या आवाजाचे तात्पुरते रूप ठरविले. आपल्या प्रातिशाख्यकारांना ही मांडणी परकी वाटली नसती. कार्ड दिसायला सामान्य होते, किंमत आमच्या कचेरीला जड होती, आणि रंगांच्या इतिहासात त्याला एक ओळही मिळत नाही.

पुढे हा जुळारी कार्डातून बाहेर पडला. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जी जागा मिळाली तिची मांडणी भारतीय पद्धतीवरूनच घेतलेली होती. आणि विंडोज २००० पासून अक्षरे जुळविण्याचे काम संगणकाची मूळ व्यवस्थाच करू लागली. खिळ्यांच्या पेट्या नाहीशा झाल्या. आजची ग्राफिक्स कार्डे तर चित्राहून गणितातच अधिक रमतात. त्यांच्यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही.

कचेरीतला तो हिरवा संगणक मोडीत निघाला तेव्हा त्यातले हर्क्युलिसची नक्कल असलेले कार्ड मी मागून घेतले. ते माझ्या टेबलाच्या खणात असते. यंदा नातीला ते काढून दाखविले. रांगोळीने पांढरी झालेली बोटे फराकाला पुसून तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि त्यावर किती ठिपके उमटत असत ते विचारले. मी सांगितले, आडवे ७२० आणि उभे ३४८. "पण आधीच्या कार्डाला ३५० होते म्हणालात. दोन ओळी कुठे गेल्या?" प्रश्न बिनतोड होता. मी सांगितले की हे कार्ड ठिपक्यांच्या ओळी चार-चारांच्या गटाने हाकत असे. असे ८७ गट झाले की ३४८ ओळी होतात. उरलेल्या दोघींचा गट होत नाही, म्हणून त्यांना सोडून दिले.

ती काही बोलली नाही. अंगणात गेली, आपल्या ठिपक्यांच्या ओळी बोटाने मोजल्या, एकवीस भरल्या, आणि शेवटची ओळ तळहाताने पुसून टाकली.